रेंज फुल्ल, तरी नेट संथ: मोबाइल नेटवर्कची क्षमता कुठे अडते?

प्रश्न असा आहे: फोन ५जी आहे, रेंज पूर्ण दिसते, पहाटे वेग मोजला तर झकास येतो, पण रात्री आठ-नऊनंतर व्हिडिओ अडखळतो आणि कॉल तुटक होतो. जगभर डेटाचा वापर दरवर्षी वाढतोच आहे, तर एक दिवस ही हवेतली जागा संपणार नाही का?

रेडिओ नेटवर्कचे नियोजन हेच माझे अनेक वर्षांचे काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाईत असणाऱ्यांसाठी आधी निष्कर्ष: रात्री नऊला संपते ती तुम्ही ज्या सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाने व्यापलेल्या भागात, बसला आहात त्याची त्या तासापुरती जागा. जगाची हवा संपायला आलेली नाही. आणि ती जागा वाढवण्याचा आजवरचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे टॉवर माणसांच्या जवळ नेणे. नवीन 'जी' (४जी, ५जी अशी नवी पिढी) त्याला मदत करतो, त्याची जागा घेत नाही.

आधी रेंजचे बघू. फोनवरच्या दांड्या एवढेच सांगतात की टॉवरचा संदर्भ सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोराने पोहोचतो आहे. सेलमध्ये एक माणूस असो की दोनशे, तो सिग्नल तेवढ्याच जोराने येतो. त्यामुळे दांड्या पूर्ण आणि सेल तुडुंब, हे एकाच वेळी सहज घडते. आम्ही दांड्यांकडे बघत नाही, दोन आकडे बघतो. पहिला आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद: उणे ८५ डीबीएमच्या आसपास असेल तर चांगली, उणे ११०च्या खाली गेली की रडकथा सुरू. दुसरा एसआयएनआर, म्हणजे तुमचा सिग्नल आजूबाजूच्या सेलच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे. २० डेसिबलच्या वर उत्तम, शून्याच्या जवळ वाईट. दोन टॉवरच्या बरोबर मध्ये राहणाऱ्या माणसाला दोन्हीकडून दणदणीत सिग्नल मिळतो, दांड्या सगळ्या भरलेल्या असतात आणि एसआयएनआर मात्र शून्यावर लोळत असतो. तक्रारींमध्ये हे चित्र फार वेळा सापडते.

आता क्षमतेचा हिशेब. टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड करून तीन सेक्टर असतात. त्यातला एक सेक्टर आणि त्यावरचा ४जीचा २० मेगाहर्ट्झचा एक कॅरिअर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा, घेऊ. हा कॅरिअर १८० किलोहर्ट्झचा एक, अशा १०० तुकड्यांत वाटलेला असतो, आणि कोणता तुकडा कोणाच्या फोनला द्यायचा हे शेड्यूलर नावाचे सॉफ्टवेअर दर मिलिसेकंदाला ठरवते. या कॅरिअरचा कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). तो मिळायला दोन-दोन अँटेना, अव्वल सिग्नल आणि सेलमध्ये तुम्ही एकटे, एवढे सगळे जुळून यावे लागते. प्रत्यक्षात माणसे जवळ-लांब, घरात-रस्त्यावर विखुरलेली असतात. तेव्हा सरासरी काढली तर हर्ट्झमागे दीड ते दोन बिट पदरात पडतात, म्हणजे अख्ख्या सेक्टरला ३० ते ४० एमबीपीएस. हाय डेफिनिशन व्हिडिओ ४-५ एमबीपीएस मागतो. म्हणजे आठ-दहा जण एकाच वेळी असा व्हिडिओ बघायला बसले की हा कॅरिअर भरला. गर्दीत व्हिडिओ सेवा आपणहून दर्जा उतरवतात, चित्र थोडे धूसर होते आणि मागणी एक-दीड एमबीपीएसवर येते. मग वीस-पंचवीस जण मावतात. गजबजलेल्या भागात कंपन्या एका सेक्टरवर तीन-चार बँडचे (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी गटांचे) कॅरिअर चढवतात ते यासाठीच.

या हिशेबातली एक गोष्ट बाहेर फारशी कोणाला माहीत नसते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सेलची क्षमता हा ठरलेला आकडा नाही. आत्ता कोण कुठे बसले आहे त्यावर तो बदलतो. टॉवरसमोर उभ्या असलेल्या फोनला २५६-क्वाम पद्धतीने एका चिन्हात, म्हणजे रेडिओ लहरीच्या एका ठोक्यात, ८ बिट पाठवता येतात. इमारतीच्या आतल्या खोलीत, दोन-तीन भिंतींपलीकडे बसलेल्या फोनला एका चिन्हात २ बिट, आणि त्यातही निम्म्याहून जास्त भाग चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावा लागतो. एकूण फरक सहज दहापट होतो. तोच व्हिडिओ, तेवढेच एमबी, पण आतल्या खोलीतला माणूस दहापट हवा खातो. अशी पाच-सहा माणसे सेलमध्ये असली की टॉवरसमोरच्या फोनचाही वेग कोसळतो. मोबाइल डेटाचा बहुतांश वापर घरात, कार्यालयात, दुकानात बसूनच होतो, आणि टॉवर मात्र बाहेर असतात. क्षमतेच्या निम्म्या अडचणी या एका विसंगतीतून निघतात असे माझे मत आहे.

मग पहाटे आणि रात्री एवढा फरक का? लोड हळूहळू वाढतो, पण त्रास एकदम वाढतो, त्याचे कारण रांगेच्या गणितात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोन कॉलवरचा आपला पहिला निबंध लिहिला, आणि तेव्हापासून आमचा सगळा धंदा त्या पायावर उभा आहे. रांगेचे अगदी साधे मॉडेल घेतले तरी चित्र स्पष्ट होते. सेल ५० टक्के भरलेला असताना पॅकेटला (डेटाच्या एका पुडक्याला) रिकाम्या सेलच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. ८० ते ९० या शेवटच्या चढाला वापर थोडासाच वाढलेला असतो, पण थांबण्याचा वेळ दुप्पट झालेला असतो. म्हणून सेल ७० टक्क्यांच्या आसपास भरू लागला की नियोजन विभागात त्याची नोंद व्हायला हवी. दिवसाची सरासरी बघून निर्णय घेणारा विभाग लोकांना रोज रात्री त्रास देतो आणि त्याच्या अहवालात मात्र सगळे हिरवेगार दिसते. नेटवर्क मोजायचे ते सर्वाधिक गर्दीच्या तासात. दुसरी कोणतीही मोजणी मला पटत नाही.

"टॉवरची पॉवर का वाढवत नाही?" हे नेहमी विचारले जाते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिलेल्या सूत्राने याचे उत्तर कायमचे देऊन ठेवले आहे. स्पेक्ट्रमची, म्हणजे वापरायला मिळालेल्या फ्रिक्वेन्सींची, रुंदी दुप्पट केली आणि सिग्नलचा दर्जा तोच राखला तर क्षमता दुप्पट होते. पॉवर दुप्पट केली तर हर्ट्झमागे फार तर एक बिट जास्त मिळतो, आणि पुढच्या बिटासाठी पॉवर पुन्हा दुप्पट करावी लागते. हे झाले एकट्या टॉवरचे. शेजारीपाजारी तीच फ्रिक्वेन्सी वापरणारे टॉवर असतात. एकाने पॉवर वाढवली की शेजारच्या सेलमध्ये गोंगाट वाढतो. सगळ्यांनी वाढवली तर सगळे होते तिथेच राहतात. लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्येक घोळका आवाज चढवत गेला तरी शेवटी कोणालाच जास्त ऐकू येत नाही, तसे. उलट अनेकदा आम्ही अँटेना खाली झुकवतो, म्हणजे सेल आपल्या हद्दीत राहतो. अँटेनाचा झुकाव दोन-तीन अंशांनी बदलून अडकलेला सेल मोकळा झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. त्याला पैसा लागत नाही, तिथे जाऊन बघणारा माणूस लागतो.

तर क्षमता वाढवायची कशी? जास्त स्पेक्ट्रम, त्याच स्पेक्ट्रममधून जास्त बिट, आणि तोच स्पेक्ट्रम लहान-लहान जागांमध्ये पुन्हा पुन्हा वापरणे. मार्ग एवढेच. मार्टिन कूपर यांनी एप्रिल १९७३ मध्ये हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, हे अनेकांना माहीत असते. त्यांनी मांडलेला एक हिशेब मात्र कमी लोकांना माहीत आहे. रेडिओचे आद्य प्रवर्तक मार्कोनी यांच्या काळापासून रेडिओवर एकाच वेळी होऊ शकणाऱ्या संभाषणांची संख्या साधारण दर ३० महिन्यांनी दुप्पट होत आली, असे त्यांचे निरीक्षण. १९५०च्या दशकानंतरच्या सुमारे पन्नास वर्षांतली वाढ त्यांच्या हिशेबाने दहा लाख पट. त्याची फोड अशी: जास्त स्पेक्ट्रम खुला झाल्यामुळे २५ पट, स्पेक्ट्रमचे बारीक तुकडे पाडल्यामुळे ५ पट, मॉड्युलेशनच्या (लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीच्या) सुधारणांमुळे ५ पट, आणि सेल लहान करून तीच फ्रिक्वेन्सी परत परत वापरल्यामुळे १६०० पट.

या १६००कडे जरा थांबून बघा. बातम्या येतात त्या लिलावांच्या आणि नव्या पिढीच्या, आणि खरे काम केले आहे ते या कल्पनेने. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत डग्लस रिंग यांनी १९४७ च्या एका अंतर्गत टिपणात ती मांडली होती: शहराला एका उंच मनोऱ्याने व्यापण्यापेक्षा छोट्या षटकोनी सेलमध्ये वाटा, आणि तीच फ्रिक्वेन्सी दूरच्या सेलमध्ये पुन्हा वापरा. दोन टॉवरमधले अंतर निम्मे केले की तेवढ्याच भूभागात चौपट सेल मावतात. प्रत्येक सेलमध्ये अख्खा स्पेक्ट्रम नव्याने हाती येतो, आणि माणूस टॉवरच्या जवळ आल्यामुळे वर सांगितलेली दहापट उधळपट्टीही कमी होते. फायदा असा दोन्ही बाजूंनी होतो.

अडचण गणितात नाही, जमिनीवर आहे. प्रत्येक नव्या सेलला जागा लागते, वीज लागते, परवानगी लागते आणि मागे फायबर किंवा मायक्रोवेव्हचा दुवा लागतो. हा दुवा अरुंद असेल तर टॉवरवर कितीही आधुनिक रेडिओ बसवा, ग्राहकाला फरक दिसत नाही. हवा मोकळी असते आणि तुंबते मागची तार. फार जवळ-जवळ सेल लावले की एकमेकांत मिसळणारा गोंगाट वाढतो, आणि चालत्या गाडीतला फोन सारखा एका सेलवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. त्यात रेडिएशनच्या भीतीने होणारा लोकांचा विरोध. टॉवर दूर न्यायची मागणी करणाऱ्यांना एक गोष्ट मी प्रत्येक वेळी समजावून सांगतो: फोन आपली पॉवर टॉवरच्या अंतराप्रमाणे कमी-जास्त करतो. टॉवर दूर गेला की कानाला लावलेला तुमचा फोनच जास्त जोराने प्रक्षेपण करतो, आणि बॅटरीही लवकर उतरते. ही भीती दूर करण्यासाठी दूरसंचार क्षेत्राने लोकांशी नीट, धीराने बोलायला हवे होते. ते पुरेसे झाले नाही याची मला मनापासून खंत आहे.

५जीचे खरे योगदान पहिल्या दोन मार्गांवर आहे. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास एकेका कंपनीला १०० मेगाहर्ट्झपर्यंत सलग स्पेक्ट्रम मिळू शकतो. ४जीचा एक कॅरिअर जास्तीत जास्त २०चा. आणि ६४ ट्रान्समीटर असलेला मॅसिव्ह मायमो अँटेना, ज्याची सैद्धांतिक मांडणी थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये केली. तो एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, वेगवेगळ्या दिशांच्या फोनना वेगवेगळे झोत पाठवतो. दोन्ही मिळून एका सेक्टरला काही शे एमबीपीएस खरी, गर्दीतली क्षमता मिळते. ४जीच्या एका कॅरिअरच्या मानाने ही मोठी झेप आहे. पण ३.५ गिगाहर्ट्झ भिंतींमध्ये लवकर विरतो. आतल्या खोलीत फोन ५जी सोडून खालच्या बँडच्या ४जीवर येतो, आणि ७००-९०० मेगाहर्ट्झच्या त्या बँडमध्ये कंपनीकडे बहुधा ५ किंवा १० मेगाहर्ट्झच असतात. अशा वेळी ५जीचा फोन हातात असून तुम्ही नेटवर्कच्या सर्वांत चिंचोळ्या वाटेत उभे असता. शिवाय अनेक ठिकाणी ५जी ४जीच्या आधारावर उभारले आहे: कोपऱ्यात ५जीचे चिन्ह दिसते, पण डेटाचा बराचसा भाग ४जीवरूनच जात असतो. २६-२८ गिगाहर्ट्झचे बँड आणखी रुंद आहेत, पण ते स्टेडियम, स्थानक अशा नजरेच्या टप्प्यातल्या जागांसाठी. हाताचा पंजा मध्ये आला तरी तो सिग्नल पडतो.

आता मूळ भीतीकडे: वाढ अशीच चालू राहिली तर? या भीतीला इतिहास आहे. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या एरिक्सन कंपनीच्या मोजणीनुसार डिसेंबर २००९ मध्ये जगातल्या मोबाइल नेटवर्कवर डेटाने आवाजाला मागे टाकले. अमेरिकेत २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा तो फक्त एटीअँडटीच्या नेटवर्कवर मिळायचा, आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार २००७ ते २०१० या काळात तिच्या नेटवर्कवरचा डेटा ८,००० टक्क्यांनी वाढला. जून २०१० मध्ये तिने नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद केला. तेव्हा '३जी'चा गळा केवळ डेटाने दाबला गेला नव्हता. बॅटरी वाचवण्यासाठी फोन सारखे जोडणी तोडायचे आणि पुन्हा जोडायचे, आणि त्या सूचनांच्या गर्दीने नियंत्रण वाहिन्या भरून जायच्या. पुढे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने २०१२ साठी ७० टक्के वाढ नोंदवली, जागतिक वापर महिन्याला ८८५ पेटाबाइट. ७० टक्के म्हणजे जेमतेम सोळा महिन्यांत दुप्पट. ती रेघ पुढे ओढली की कोणालाही धडकी भरली असती.

ती रेघ तशी पुढे गेली नाही. एरिक्सनच्या अहवालांत २०२५ च्या सुमारास वार्षिक वाढ २० टक्क्यांच्या आसपास आली आहे, म्हणजे दुप्पट व्हायला जवळपास चार वर्षे. मला हे स्वाभाविक वाटते. मोबाइल डेटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्हिडिओ आहे, आणि माणसाकडे दिवसाचे तास मोजके आहेत. हाताएवढ्या पडद्यावर एका मर्यादेपुढे चित्राचा दर्जा डोळ्याला कळत नाही. शिवाय व्हिडिओ दाबून पाठवण्याच्या पद्धती सुधारत गेल्या: २००३ मधला एच-२६४, २०१३ मधला एच-२६५, २०१८ मधला एव्ही-१. प्रत्येक पायरीला तेच चित्र बऱ्याच कमी बिटांत मावू लागले. मार्च २०२० मध्ये, लोक घरात अडकलेले असताना, युरोपीय संघाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने युरोपातला आपला बिटरेट उतरवला आणि वापर सुमारे २५ टक्क्यांनी खाली आणला. लोकांचे पाहणे थांबले नाही. मागणीच्या बाजूनेही किती जागा निघू शकते हे तिथे दिसले.

तरी टक्केवारी कमी झाली म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. पाया आता महिन्याला १०० एक्झाबाइटच्या (एक एक्झाबाइट म्हणजे हजार पेटाबाइट) वर आहे. त्यावर २० टक्के म्हणजे महिन्याला २० एक्झाबाइटची भर, म्हणजे एका वर्षात वाढलेला वापरच २०१२ च्या संपूर्ण वापराच्या वीसपटीहून जास्त. ही भर पेलायला नवे सेल, नवे कॅरिअर लागणारच. आणि ती सगळीकडे सारखी पडत नाही. थोड्या सेलवर फार भार आणि बाकीचे बरेच मोकळे, हे प्रत्येक नेटवर्कचे चित्र असते. राष्ट्रीय सरासरीवरून तुमच्या गल्लीबद्दल काहीच कळत नाही.

पुढच्या काही वर्षांत माझी नजर दोन गोष्टींवर आहे. पहिली, घरगुती ब्रॉडबँड मोबाइल नेटवर्कवरून देण्याची पद्धत. भिंतीवरचा असा एक राउटर टीव्ही, लॅपटॉप आणि सगळ्या घराचे फोन चालवतो, म्हणून एका फोनच्या कितीतरी पट डेटा ओढतो. जगातल्या मोबाइल डेटाचा सुमारे चतुर्थांश भाग आताच या जोडण्यांतून जातो. रिकामा स्पेक्ट्रम असेल तिथे ही उत्तम सोय आहे. आधीच भरलेल्या सेलवर अशा जोडण्या विकणे म्हणजे शेजारच्या फोनवाल्यांचा वेग काढून घेणे. दुसरी गोष्ट अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट. टॉवर दहा-दहा वॅटच्या हिशेबात बोलतो, फोन साधारण ०.२ वॅट. ५जीच्या मधल्या बँडमध्ये वेळेचा चतुर्थांश किंवा त्याहून कमी भाग अपलिंकला दिलेला असतो, कारण आजवर लोक जास्त बघत आणि कमी पाठवत. थेट प्रक्षेपण, व्हिडिओ कॉल आणि क्लाउडमध्ये साठवले जाणारे कॅमेऱ्यांचे चित्रण वाढत गेले तर आधी ही वाट तुंबेल. व्हिडिओ कॉलवर समोरचा तुम्हाला स्वच्छ दिसतो आणि तुम्ही मात्र त्याला ठोकळ्या-ठोकळ्यांत दिसता, तेव्हा अडचण बहुधा अपलिंकचीच असते.

आता तुमच्या घरचे. आधी रोग ओळखा. पहाटे पाच-सहाला आणि रात्री नऊला, त्याच खुर्चीत बसून वेग मोजा. दोन्ही वेळा वाईट असेल तर कव्हरेजची अडचण; पहाटे चांगला आणि रात्री वाईट तर गर्दीची. तुम्ही सांगितलेली लक्षणे सरळ गर्दीची आहेत. दिवसभर सारखी चाचणी करत बसू नका, एकेक चाचणी शंभर-शंभर एमबी ओढते आणि तो भार त्याच सेलवर पडतो. फोनच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या मोफत अॅपमध्ये आरएसआरपी, एसआयएनआर आणि बँड दिसतात. खिडकीजवळ आणि आतल्या खोलीत हे आकडे लिहून ठेवा. खिडकीजवळ गेल्यावर बँड बदलून वरचा होत असेल आणि वेग सुधारत असेल, तर आतली खोली तुम्हाला चिंचोळ्या बँडवर ढकलते आहे. मग घरात तारेचे ब्रॉडबँड आणि वाय-फाय घेणे हा सगळ्यांत चांगला उपाय. वाय-फाय कॉलिंग चालू केले की कॉलही त्याच वाटेने जातील. ते शक्य नसेल तर रात्रीच्या दोन-तीन तासांत फोनला '४जी फक्त' करून बघा. काही ठिकाणी ५जीपेक्षा ४जीचा एखादा बँड मोकळा असतो, काही ठिकाणी उलट.

सिग्नल वाढवणारी बाजारातली स्वस्त यंत्रे मात्र लावू नका. गर्दीच्या सेलला त्यांचा उपयोग शून्य. परवानगीशिवाय लावलेला रिपीटर, म्हणजे असे यंत्र, टॉवरच्या अपलिंकमध्ये गोंगाट ओततो आणि अख्ख्या सेक्टरची क्षमता खाली आणतो. असा एक रिपीटर शोधून बंद केल्यावर आजूबाजूच्या शेकडो फोनचा वेग सुधारतो.

कंपनीकडे तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढेच लिहिले तर ती कव्हरेजच्या रांगेत जाते, कोणीतरी दुपारी येऊन सिग्नल मोजतो, तो चांगला येतो आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी वेळ, घरातली जागा, बँड, सेलचा क्रमांक, आरएसआरपी, एसआयएनआर आणि दोन्ही वेळचे वेग असे पाच-सहा दिवसांचे आकडे द्या, आणि स्पष्ट मागा: गर्दीच्या तासातला या सेलचा वापर तपासा. हे शब्द वाचले की तक्रार नियोजन विभागाच्या टेबलावर येण्याची शक्यता बरीच वाढते. तिथला अभियंता पाच मिनिटांत सेलचा आलेख काढू शकतो. शेजारच्या दोन-चार घरांनी तसेच आकडे पाठवले, तर पुढचा कॅरिअर कुठे चढवायचा हे ठरवताना त्याच्या हातात मांडायला काहीतरी ठोस असते.